लेबलवर रेघा छापल्या म्हणजे बारकोड मिळाला असं नाही हो

स्कॅनर मारला की आयटम बिलात येतो, हे कपड्याचं दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, त्यामुळे बारकोड म्हणजे काय ते सांगत बसत नाही. घोळ होतो माल ऑनलाइन टाकताना. फॉर्ममध्ये दोन रकाने असतात, एक एसकेयू आणि दुसरा जीटीआयएन (कुठे त्यालाच ईएएन नाहीतर यूपीसी म्हणतात), आणि लोक बिनधास्त दोन्हीकडे एकच नंबर चिकटवतात.

एसकेयू म्हणजे मालाला तुम्ही ठेवलेलं घरातलं नाव. शर्ट-०२१-निळा-एम, बस. दुसऱ्या दुकानात तोच शर्ट वेगळ्या नावाने असेल. जीटीआयएन मात्र ब्रँडवाल्याने जीएसवन या नंबर देणाऱ्या संस्थेकडून रीतसर घेतलेला असतो, बहुतेक वेळा १३ आकडी, आणि शर्ट कुठल्याही दुकानात गेला तरी तो बदलत नाही.

आता खरी मेख. रेघा ही नुसती लिपी आहे, तिच्यात काय लिहिलंय तो वेगळा विषय. कोड १२८ नावाच्या प्रकारात तर अक्षरंसुद्धा रेघांमध्ये छापता येतात. म्हणजे बिनब्रँडचा माल आणून बिलिंग सॉफ्टवेअरमधून तुम्ही जो स्टिकर काढता, त्यावर रेघा असल्या तरी आत तुमचा एसकेयूच बसलाय. काउंटरवर तो झकास चालतो आणि तिथेच माणूस फसतो, कारण तोच नंबर जीटीआयएनच्या रकान्यात टाकला की लिस्टिंग अडकतं आणि मग सिस्टीमच्या नावाने शिमगा. काही सॉफ्टवेअर तर हुबेहूब १३ आकडी नंबर बनवतात, शेवटचा पडताळणीचा आकडा (बाकीच्या आकड्यांवरून काढतात तो) सुद्धा बरोबर! पण पहिले तीन आकडे २०० ते २९९ मधले असतील तर तो नंबर दुकानातल्या दुकानात वापरायचा, बाहेर त्याला कोणी विचारत नाही. जीटीआयएन नसेल तर नाहीये असं सांगा, गूगल मर्चंट सेंटरमध्ये (गूगलवर माल दाखवायला जिथे यादी चढवतात तिथे) तशी सोय आहे. मनाने नंबर ठोकू नका, तो दुसऱ्याच कोणाच्या मालाचा निघू शकतो.

साइझ-रंगाचं एसकेयू आणि जीटीआयएन दोन्हीकडे सारखंच, ४ रंग आणि ५ साइझ म्हणजे २० वेगळे कोड. कंटाळा करून एकच ठेवलात तर स्टॉक ६ दिसणार, सहाही एक्सएल असणार आणि ऑर्डर येणार एमची.

एसकेयूमध्ये किंमत घुसवणाऱ्यांना मात्र माझा साष्टांग नमस्कार. सेल लागला की काय करता, सगळी लेबलं परत छापता?

आणि हो, मालाची यादी एक्सेलमध्ये करत असाल तर एसकेयू-जीटीआयएनचे रकाने आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर सुरुवातीची शून्यं गायब होतात आणि १३ आकडी नंबराच्या जागी मधे ई घातलेलं भलतंच काहीतरी दिसतं, आणि सीएसव्ही (यादी चढवायची साधी फाइल) सेव्ह केली की तेच कायमचं.