दोनशे ठिणग्या आणि एक गंजलेला बोल्ट

जुन्या गाड्यांची शर्यत पाहायला गेलात, तर स्टँडमध्ये जागा धरण्याआधी पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी गाड्या उभ्या असतात त्या आवारात, एक चक्कर मारावी. इंग्लंडमधल्या गुडवुडला दर सप्टेंबरात ‘रिव्हायव्हल’ भरते. हा ट्रॅक 1948 साली सुरू झाला आणि 1966 मध्ये शर्यतींसाठी बंद पडला. 1998 पासून तिथे पुन्हा त्याच काळातल्या गाड्या पळतात. फ्रान्समध्ये 2002 पासून ‘ल माँ क्लासिक’ आहे. तिथे या म्हाताऱ्या गाड्या रात्रीच्या अंधारातही पळवल्या जातात. कुठेही जा, पॅडॉकमधले दृश्य ठरलेले. बॉनेट उघडे, त्यात कोणीतरी कमरेपर्यंत वाकलेले, आणि हातात पाना असण्याऐवजी बरेचदा वीज मोजणारा मल्टिमीटर किंवा पॉलिश पेपरचा तुकडा.

इंजिन बिघडले की आवाजावरून, धुरावरून, तेलाच्या डागावरून कळते. वीज बिघडली की काहीच दिसत नाही. मग गाडीला ‘लहरी’ म्हणायचे, नाहीतर कंपनीला नावे ठेवायची. ब्रिटिश गाड्यांना वीजसामग्री पुरवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीला शौकिनांनी ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवीच बहाल केली आहे. विनोद फक्कड आहे, पण मला तो अन्यायाचा वाटतो. साठ वर्षांपूर्वी पितळ, तांबे आणि लोखंड एकमेकांवर दाबून केलेला सांधा आजवर पाणी, तेल आणि हादरे खात आला असेल, तर दोष बनवणाऱ्याचा किती आणि रसायनशास्त्राचा किती?

आधी ठिणगीचे बघू. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी लागते, म्हणजे इंजिनाच्या दर फेऱ्याला दोन. शर्यतीत मिनिटाला 6000 फेरे धरले तर सेकंदाला 200 ठिणग्या झाल्या. हे काम करते अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांची पद्धत, जी 1912 च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टरसोबत आली. कॉइलमधून, म्हणजे तारेच्या गुंडाळीतून, बॅटरीचा प्रवाह वाहतो, डिस्ट्रिब्युटरमधले (ठिणगी पाळीपाळीने प्लगांना वाटणाऱ्या यंत्रातले) पॉइंट, म्हणजे प्रवाहाची उघडझाप करणारे छोटे संपर्क, उघडतात, प्रवाह एकदम तुटतो आणि कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र कोसळते. त्या कोसळण्यातून हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर हा प्रवाह झटकन तुटावा म्हणूनच असतो. तो खराब झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच उडू लागते. पॉइंट जळतात, प्लगवरची ठिणगी पिवळट आणि मरतुकडी होते, गाडी मिसिंग करू लागते. हा कंडेन्सर गरम झाल्यावरच दगा देण्यात पटाईत. गाडी वीस मिनिटे छान पळते, मग बंद पडते आणि थंड झाली की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू होते.

वेगाबरोबर आणखी एक अडचण येते. 200 ठिणग्या म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला 5 मिलिसेकंद, आणि त्यातही पॉइंट बंद राहून कॉइल भरण्याचा वेळ साधारण दोन तृतीयांश. कॉइलमधला प्रवाह चढायलाही काही मिलिसेकंद लागतातच. त्यामुळे जिथे जोरकस ठिणगी हवी, त्या वरच्या वेगालाच ती अशक्त होते. बारा सिलिंडरच्या इंजिनाला त्याच वेगाला सेकंदाला 600 ठिणग्या लागतात. एका कॉइलचे ते काम नव्हे, म्हणून तिथे दोन-दोन कॉइल दिसतात. जुन्या अनेक रेसिंग गाड्यांनी बॅटरीचा नाद सोडून मॅग्नेटोच लावला होता. तो स्वतःची वीज स्वतः बनवतो आणि जितका जोरात फिरेल तितकी त्याची ठिणगी दमदार. अशी गाडी सुरू करताना ढकलणारे घामाघूम होतात ते यामुळेच: हळू फिरणाऱ्या मॅग्नेटोची ठिणगी नेमकी तेव्हाच दुबळी असते.

तरीही रस्त्यावरच्या जुन्या स्पोर्ट्स कारला छळणाऱ्या तक्रारींचे मूळ शोधत गेलात, तर बहुतेक वेळा एखाद्या सांध्याशी येऊन थांबाल. त्यातही अर्थिंगच्या सांध्याशी. गाडीत प्रत्येक दिव्याला जाणारी तार एकच असते. परतीचा प्रवास गाडीच्या लोखंडी अंगातून होतो; यालाच अर्थिंग म्हणतात. दोन धातू एकमेकांना चिकटलेले दिसले, तरी प्रत्यक्षात ते काही सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकलेले असतात. हादऱ्यांनी हे उंचवटे घासतात, हवा आणि ओल त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढवते आणि वाट अरुंद होत जाते. नव्याने रंगवलेल्या देखण्या गाड्यांत हा त्रास जास्त, कारण रंगाऱ्याने अर्थच्या बोल्टखालची जागाही चकचकीत रंगवून टाकलेली असते. रंग म्हणजे उत्तम इन्सुलेशन!

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून ते आणि चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. सेल्फ मारताना 200 अँपिअर प्रवाह सहज वाहतो. या पट्टीच्या सांध्यात फक्त 0.01 ओहम रोध शिरला, तर तिथेच 2 व्होल्ट खर्च होतात आणि 400 वॅट उष्णता बाहेर पडते. पट्टी तुटलीच असेल तर प्रवाह दुसरी वाट धरतो: चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारला आणि डॅशबोर्डवरची चोकची मूठ गरम लागली, केबलमधून धूर आला, तर चोकला हात लावू नका. इंजिनाखाली जाऊन ती पट्टी बघा.

आता गंमत अशी की, हा 0.01 ओहम साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर दिसतच नाही. मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध त्याहून जास्त असतो. शिवाय मीटर मोजताना अगदी किरकोळ प्रवाह सोडतो; वीस पदरांच्या तारेतला एकच पदर शाबूत असला तरी तो ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो. म्हणून प्रवाह वाहत असताना व्होल्ट मोजायचे. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या अर्थच्या शिशाच्या खुंटावर (त्यावरच्या क्लॅम्पवर नव्हे, थेट खुंटावर), दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलला ठेवा, ती सुरू होऊ नये म्हणून कॉइलची बॅटरीकडून येणारी बारीक तार काढून बाजूला गुंडाळा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठणठणीत. दीड-दोन व्होल्ट दिसले तर दुसरे टोक इंजिनावरून मागे आणत चला: पट्टीचे एक टोक, दुसरे टोक, चेसिसचा बोल्ट, केबल, क्लॅम्प. ज्या दोन जागांमध्ये आकडा धपकन पडतो, तिथला सांधा गुन्हेगार. बोल्ट काढा, दोन्ही पृष्ठभाग उघडा धातू दिसेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. खर्च जवळपास शून्य. आणि याच गाडीचा सेल्फ बदलून काही उपयोग झाला नाही म्हणून डोके धरून बसणारे पुष्कळ भेटतात.

मागच्या दिव्यांचे भूतही यातलेच. ब्रेक दाबला की ब्रेकलाइट लागण्याऐवजी टेललाइट आणि डॅशबोर्डचे दिवे मंद पेटतात. एकाच बल्बमध्ये ब्रेकची 21 वॅटची आणि टेलची 5 वॅटची अशा दोन फिलामेंट असतात आणि दोघींची अर्थ एकच. ती तुटली की ब्रेकचा प्रवाह 21 वॅटच्या फिलामेंटमधून येऊन उलट्या दिशेने 5 वॅटच्या फिलामेंटमध्ये शिरतो आणि टेललाइटच्या तारेतून पुढच्या दिव्यांकडे जाऊन अर्थ गाठतो. बारीक फिलामेंटचा रोध जास्त, म्हणून बहुतेक व्होल्ट तीच खाते आणि तीच उजळते. जाडजूड फिलामेंट काळीच राहते.

सहा व्होल्टच्या गाड्यांना तर खराब सांध्याची चैन परवडतच नाही. 36 वॅटचा बल्ब 6 व्होल्टवर 6 अँपिअर घेतो, 12 व्होल्टवर 3. वाटेत एक षष्ठांश ओहमचा गंज असेल तर पहिल्याचा 1 व्होल्ट जातो, दुसऱ्याचा अर्धा. बल्बचा प्रकाश व्होल्टच्या साधारण साडेतीनव्या घाताने बदलतो. म्हणजे त्याच गंजामुळे 6 व्होल्टचा दिवा जवळपास निम्म्यावर येतो आणि 12 व्होल्टच्या दिव्याचे जेमतेम चौदा टक्के नुकसान होते. त्यात बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोचा हातही आखडता. ब्रिटिश गाड्यांत सर्रास असणारा लुकासचा सी-40 जास्तीत जास्त 22 अँपिअर देतो आणि मंद फिरताना काहीच देत नाही. सिग्नलला थांबल्यावर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो, तो बिघाड नसतो.

जुनी गाडी हाती घेणाऱ्याने एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असे. अशा गाडीत आजचा रेडिओ सरळ जोडला तर तो जळतो. म्हणून काही जण ऋण अर्थ करून घेतात. तेव्हा डायनॅमोला नव्या दिशेची ‘चुंबकी सवय’ लावावी लागते आणि कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करावी लागते. दुसरे काम हमखास विसरले जाते, कारण ते न करताही गाडी सुरू होते. प्लगचा मधला, तापलेला भाग ऋण असला की त्यातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. उलट असला तर ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात. अशी गाडी एरवी बरी चालते आणि चढावर, पूर्ण जोर लावल्यावर अडखळते.

आणि बॅटरी काढताना ‘आधी ऋण टोक सोडा’ हा नेहमीचा सल्ला अशा गाडीत डोळे मिटून पाळू नका. खरा नियम ‘आधी अर्थचे टोक सोडा’ असा आहे. जिवंत टोक आधी सैल करायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर बॅटरीचा सगळा प्रवाह त्या पान्यातून वाहतो. धन अर्थच्या गाडीत आधी सोडायचे ते धन टोकच.