कॅम्परव्हॅन कमी फिरते? मग सर्व्हिसिंगला महिने मोजा

दिवाळीच्या सुट्टीत कोकण, थंडीत एकदा हंपी, मधूनच अक्कलकोट-गाणगापूर. वर्षाचे दोन-तीन हजार किलोमीटर होतात आणि उरलेले दहा महिने गाडी दारात उभी. सर्व्हिस बुकात "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते" असं छापलेलं असतं, पण मालक पहिला आकडा वाचून पान मिटतात. "किलोमीटर कुठं झालेत अजून, चालतंय की!" तुमच्या गाडीला दुसरा आकडा लागू आहे. वर्षातून एक पूर्ण सर्व्हिसिंग, मग गाडी पाचशे किलोमीटर फिरलेली असो नाहीतर पाच हजार.

इंजिन ऑइल उभ्या गाडीतही खराब होतं. थोडंच चालवून बंद केलेल्या इंजिनात पाण्याची वाफ आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं तर ही वाफ उडून जाते, नाहीतर ती तिथंच राहते, आम्ल तयार होतं आणि बेअरिंग खातं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर दिसला, तर गाडी दरवेळी फार थोडं अंतर फिरते आहे असं समजा. थराबरोबर कुलंटही कमी होत असेल तर मात्र गाडी सुरू न करता आमच्या गॅरेजला कळवा, हेड गॅसकेट तपासावं लागेल. ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही दर 12 महिन्यांनी बदला. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-6 डिझेल गाडीला कमी राखेचंच ऑइल लागतं. ग्रेड तुमच्या पुस्तकातला घ्या, दुकानदार "हेच चालतं" म्हणाला म्हणून नको.

दर रविवारी पाच मिनिटं गाडी सुरू करून ठेवायची सवय बऱ्याच जणांना आहे. ती मोडा. सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये परत येईलच असं नाही. इंजिन तापत नाही, वाफ साचते आणि डीपीएफमध्ये काजळी भरते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा सोलापूरहून तुळजापूरला जाऊन या. जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर, शेवटी घाट. इंजिन तापतं, ब्रेकचा गंज घासून निघतो, काजळी जळायला संधी मिळते आणि दर्शनही होतं.

ब्रेकच्या बाबतीत मात्र आम्ही कुणाचं ऐकत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 प्रकारच्या ताज्या ऑइलचा उकळबिंदू किमान 230 अंश असतो, 3.7 टक्के पाणी मुरल्यावर त्याची किमान मर्यादा 155 वर येते. कॅम्पर आतल्या फर्निचरनं, पाण्यानं, सामानानं कायम जड असते. लांब उतारावर ब्रेक तापले की आतलं पाणी उकळतं, वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. दर 2 वर्षांनी पूर्ण ऑइल बदला, वरून भर घालून भागत नाही. डबीतलं ऑइल फिकट मधासारखं हवं. कोऱ्या चहासारखं दिसलं तर वेळ टळून गेली आहे.

गाडी महिनोन्महिने उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका. पावसाळ्यात लायनर ड्रमला चिकटतो आणि सुटताना कधीकधी अस्तरच उखडून येतं. सपाट जागा बघा, गिअरमध्ये ठेवा, पुढच्या-मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. घड्याळ, अलार्म, जीपीएस मिळून 40 मिलिअँपिअर ओढत असतील तर दिवसाला साधारण 1 अँपिअर-तास जातो. 80 अँपिअर-तासांची बॅटरी दोन महिन्यांत पाऊण रिकामी. सोलापूरचा मे महिना त्यात भर घालतो, उष्णतेनं बॅटरी आपोआपही जास्त उतरते. विश्रांतीनंतर मीटरवर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. 12.4 च्या खाली जाऊ देऊ नका. प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसला की चार्जिंग करूनही बॅटरी धरत नाही. निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, नाहीतर छोटा ऑटोमॅटिक चार्जर लावा.

टायरची नक्षी नवी दिसते म्हणून फसू नका. बाजूवर डॉट अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. उन्हानं बाजूच्या भिंतीला केसासारख्या चिरा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या. सहा-सात वर्षांनंतर आम्ही तरी बदलायलाच सांगतो. हवा ठरवण्याआधी गाडी पाणी, गॅस आणि सामानासह एकदा वजनकाट्यावर घाला. 100 लिटरची टाकी भरली की 100 किलो वाढले, हे अनेकांच्या हिशेबातच नसतं.

डिझेलची टाकी भरून उभी करा, रिकाम्या जागेत दव साचतं. फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरचं पाणी सहलीआधी काढा. डीईएफ (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत घालायचं युरियाचं द्रावण) लागत असेल तर ते शिळं होतं हे लक्षात असू द्या: 35 अंशांच्या आसपास सहा महिने, त्याहून गरम ठिकाणी आणखी कमी. कॅन पत्र्याच्या शेडमध्ये साठवू नका. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका, क्षार आत बसतात.

आता मागचं घर. गॅसच्या नळीवर छापलेली तारीख बघा आणि मुदत संपण्याआधी बदला. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. काडी पेटवून कधीच नाही. पिण्याच्या टाकीसाठी 100 लिटरला 5 टक्के क्लोरीनचं बिनवासाचं ब्लीच 100 मिली, सगळे नळ उघडून नळ्यांत येऊ द्या, चार तास ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा. छतावरच्या खिडकीच्या आणि सोलर पॅनेलच्या कडेचं सीलंट उन्हानं तडकतं. ते मृग लागण्याआधी बघायचं. आपल्याकडे जोराचा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो, तोवर पाणी प्लायवूडमध्ये मुरलं तरी वरून कळत नाही. कोपऱ्यावर अंगठा दाबा. मऊ लागलं तर गळती जुनी आहे. आणि ज्वारी घरात आली की उंदीर वायरिंगमध्ये येतात, तेव्हा बॉनेटखाली दर पंधरवड्याला नजर टाका.

एअर फिल्टर धुळीच्या रस्त्यावर फिरला नसेल तर दरवर्षी बदलायची गरज नाही, तपासून साफ केला की पुरे. क्लच, गिअर ऑइल यांनाही आम्ही उगाच हात लावत नाही. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनाला मात्र वर्षांची अट असते, ती पाळा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनच उघडावं लागू शकतं.

मोठी सर्व्हिसिंग दसऱ्याच्या सुमारास करून घ्या, छत-सीलंटसाठी मेमध्ये छोटी फेरी. गाडी आणताना मागची बिलं, पुस्तक आणि दोन्ही किल्ल्या आणा, सिलिंडर बंद करून ठेवा आणि पाण्याची टाकी रिकामी करून या.