तुमच्या बोर्डवर ‘एसजीएम’ लिहिलेली आयसी दिसली तर

आमचा चार्जर बोर्ड किंवा टेंपरेचर कंट्रोलर उघडून पाहणारे ग्राहक हल्ली विचारतात, “पूर्वी इथं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची (अमेरिकी कंपनी) आयसी असायची. आता हे एसजीएम काय? डुप्लिकेट तर नाही ना?” डुप्लिकेट नाही. ही बीजिंगच्या एसजी मायक्रो कंपनीची स्वतःच्या नावाची आयसी, म्हणजे चिप, आहे. आम्ही ती तपासून, समजून-उमजून लावली आहे आणि तुम्हालाही ते माहीत असावं म्हणून हे पत्रक.

डिजिटल चिप शून्य आणि एक एवढंच ओळखते. पण तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, मोटरचा करंट हे हळूहळू चढतं-उतरतं. ते मोजणं, वाढवणं आणि बाकीच्या चिपना स्थिर सप्लाय देणं हे अ‍ॅनालॉग आयसीचं काम. त्यासाठी सर्वांत आधुनिक कारखाना लागत नाही, जुन्या, स्थिरावलेल्या प्रोसेसवर ती बनते. कस लागतो तो डिझाइनरचा, आणि त्यात हात बसायला वर्षं जातात.

अशाच अ‍ॅनालॉग आयसी करणारी एसजी मायक्रो २००७ साली चांग शिलोंग यांनी सुरू केली. त्याआधी ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये होते. कंपनीचा स्वतःचा वेफर (चिप जिच्यावर घडतात ती सिलिकॉनची चकती) कारखाना नाही. डिझाइन त्यांचं, वेफर मुख्यतः तैवानच्या टीएसएमसीकडून. जून २०१७ मध्ये कंपनी शेनचेनच्या शेअर बाजारात आली, तेव्हा तिच्या यादीत सुमारे ८०० आयसी होत्या. २०२४ पर्यंत ही यादी ५,००० च्या वर गेली. आमच्या मते तिच्या वाढीचं खरं मर्म या यादीतच आहे. अ‍ॅनालॉगमध्ये एकाच आयसीवर कंपनी मोठी होत नाही. दरवर्षी शेकडो नव्या आयसी आणायच्या, आणि दहा वर्षांपूर्वीच्याही विकल्या जात राहतात. टेक्सासकडे अशा सुमारे ८०,००० वस्तू आहेत, म्हणजे अजून पल्ला लांब आहे.

बाहेरच्या घडामोडींनीही हात दिला. २०१८ मध्ये झेडटीई आणि २०१९ मध्ये हुआवे या चिनी टेलिकॉम कंपन्या अमेरिकी निर्बंधांत सापडल्यावर चिनी कारखानदार घरचा पुरवठादार शोधू लागले. मग २०२१ चा चिपटंचाईचा काळ आला. एसजी मायक्रोची विक्री २०२० मध्ये सुमारे १२० कोटी युआन होती, ती २०२२ मध्ये ३१९ कोटींवर गेली. २०२३ मध्ये गोदामं भरलेली आणि भावयुद्ध पेटलेलं, तेव्हा ती २६२ कोटींवर घसरली. २०२४ मध्ये पुन्हा ३३५ कोटींच्या आसपास आली.

आता तुमच्या कामाचं. नंबर सारखा दिसला म्हणून आयसी सारखी समजू नका. एलएम३५८ ही दोन ओपॅम्प (सिग्नल वाढवणारी सर्किटं) असलेली आयसी ३२ व्होल्टपर्यंत चालते. एसजीएम३५८ मध्येही दोन ओपॅम्पच आहेत, पण तिची मर्यादा ५.५ व्होल्ट. आमच्या ५ व्होल्टच्या बोर्डवर ती उत्तम चालते, करंटही कमी खाते. तीच १२ व्होल्टच्या सर्किटवर बसवली तर उडेल. त्यामुळे बाहेर दुरुस्ती करून घेताना कारागिराला आयसीवरचा पूर्ण नंबर वाचायला सांगा, नुसतं “३५८ टाक” म्हणू नका. अक्षरं पुसट झाली असतील तर बोर्डचा फोटो आम्हाला पाठवा, कोणती आयसी हवी ते आम्ही कळवू.