पोट शिवलं, मग बाळाला दूध कधी?

ठाण्यातल्या कुठल्याही मोठ्या एनआयसीयूबाहेर (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर) हा प्रश्न ऐकू येतो, बहुधा आजीच्या तोंडून: "ऑपरेशन होऊन आठवडा झाला, अजून पोर उपाशीच?" प्रश्न रास्त आहे. ही बाळं आतडी पोटाबाहेर घेऊन जन्मलेली असतात आणि ऑपरेशन करून ती आत बसवलेली असतात.

गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडी नाळेत उतरतात आणि दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत पोटात परततात. ती परतलीच नाहीत, तर बाळ नाळेच्या मुळाशी पातळ पिशवीत आतडी घेऊन जन्मतं. हा ऑम्फॅलोसील. यात हृदयाचे किंवा गुणसूत्रांचे दोषही सोबत असू शकतात. गॅस्ट्रोस्कायसिस या दुसऱ्या दोषात बेंबीशेजारी, बहुतेकदा उजवीकडे, पोटाला भोक राहतं आणि आतडी पिशवीविना बाहेर येतात. पुढचे महिनोन्‌महिने ती गर्भजलात उघडी राहतात, सुजतात, जाड आणि चामड्यासारखी चिवट होतात. सर्जन ती एका बैठकीत किंवा सायलो नावाच्या पारदर्शक पिशवीतून हळूहळू आत सरकवतात. पण जागेवर गेलेलं आतडं लगेच कामाला लागत नाही. अन्न पुढे ढकलणारी त्याची हालचाल मंदावलेली असते; ती पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात.

त्यात गॅस्ट्रोस्कायसिसची बाळं बरेचदा दिवस भरण्याआधीच येतात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी दूध नळीनेच द्यावं लागतं.

तोवर बाळ उपाशी नसतं. साखर, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ शिरेतून जातात. १९६८ मध्ये अमेरिकी सर्जन स्टॅन्ली डुड्रिक आणि सहकाऱ्यांनी केवळ अशा पोषणावर एक अर्भक वाढवून दाखवलं. त्याआधी अशा बाळांपुढे फारसा मार्गच नव्हता. मात्र हे पोषण लांबलं की यकृतावर ताण येतो, कावीळ होते, शिरेतल्या नळीतून जंतुसंसर्गाची भीती असते. म्हणून डॉक्टर दुधाची घाई करतात आणि सावधही राहतात. पोटातल्या नळीतून हिरवं पित्त येतंय का, पोट फुगलंय का, शी झाली का, हे बघून थेंबाथेंबाने दूध वाढवतात. एखाद्या दिवशी ते थांबवावंही लागतं. त्याने घरच्यांनी खचून जाऊ नये.

या बाळाला आईचंच दूध सर्वांत सोसतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं आतडं सडवणारा एनईसी हा आजार आईच्या दुधाने बराच टळतो. बाळ पीत नसलं तरी आईने पहिल्याच दिवसापासून, रात्रीसुद्धा, दर दोन-तीन तासांनी दूध काढावं. नाहीतर ते आटतं. चिकाचे थेंब नर्स कापसाच्या बोळ्याने बाळाच्या गालांच्या आतून फिरवतात. दूध कमी पडलं तर मानवी दूधपेढीची सोय आहे का, हे विचारावं. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये आपल्या जवळच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. घुटी आणि मध मात्र अजिबात नको.

तोंडाने काहीच न घेता आठवडे गेले की बाळाला ओठांना लागलेली निपलही नकोशी होते. म्हणून नळीने दूध चालू असतानाच त्याला रिकामं चोखू देतात.

घरी गेल्यावर हिरवी उलटी झाली किंवा पोट टणक फुगलं, तर सकाळची वाट पाहू नका. या बाळांच्या आतड्याला पीळ पडू शकतो किंवा ते अडकू शकतं. त्याच रात्री बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात न्या.