बॉडी बदलणे वेगळे, माउंट बदलणे वेगळे: पाण्याखालच्या कॅमेरा-संचाचा हिशेब

पुण्यातल्या एखाद्या जलतरण तलावात स्कुबाचे प्राथमिक धडे गिरवून पुढे मालवण, कर्नाटकातील नेत्राणी बेट किंवा अंदमान गाठणाऱ्यांपैकी ज्यांना कॅमेरा घेऊन पाण्यात उतरायचे असते, त्यांच्याकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: "माझ्या कॅमेऱ्याचा मार्क टू (पुढची आवृत्ती) आला, आता माझे हाउसिंग (कॅमेऱ्याभोवतीची जलरोधक पेटी) वाया गेले का?" दुसरा: "डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे) बंद होत आहेत, मग त्याचे हाउसिंग आता कशाला घ्यायचे?" दोन्ही प्रश्नांवर जाणकार म्हणवणारे लोक "अपग्रेड करून टाका" असे एकच उत्तर देतात, आणि त्यातून अनेकांचे पैसे नको तिथे जातात. पहिल्या प्रश्नात बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बदलते; दुसऱ्यात लेन्स जिथे बसते तो माउंट बदलतो, आणि पाण्याखाली या दोहोंच्या खर्चाचा हिशेब अगदी निराळा असतो.

जमिनीवरची कथा वाचकाला ठाऊक असल्यामुळे ती थोडक्यात सांगतो. जगभरातील डिजिटल कॅमेऱ्यांची विक्री 2010 साली बारा कोटींच्या वर होती. मोबाइलने छोटे कॅमेरे गिळल्यानंतर 2023 मध्ये ती ऐंशी लाखांच्याही आत होती. कॅनन आणि निकॉन यांनी 2018 मध्ये फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचे) मिररलेस, म्हणजे आरसा नसलेले कॅमेरे आणले, 2020 मध्ये मिररलेसची विक्री डीएसएलआरच्या पुढे गेली, आणि त्या वर्षानंतर या दोन कंपन्यांनी नवा डीएसएलआर आणलेला नाही. उरलेल्या थोड्या ग्राहकांना महाग कॅमेरे विकण्याकडे उद्योगाचा कल झाला. हाउसिंग बनवणाऱ्या कंपन्या मुळात लहान असल्यामुळे त्या खपणाऱ्या बॉडींसाठीच साचे काढतात. आरसा असावा की नसावा, व्ह्यूफाइंडर प्रकाशीय असावा की इलेक्ट्रॉनिक, यावर होणाऱ्या वादांना पाण्याखाली फारसे महत्त्व नाही. मिररलेसची बॅटरी लवकर उतरते आणि दोन डाइव्हच्या मध्ये होडीवर हाउसिंग उघडावे लागले तर पाणी अडवणाऱ्या रबरी ओ-रिंगवर वाळूचा कण किंवा केस अडकण्याचा धोका वाढतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता बॉडी बदलण्याविषयी. हाउसिंगची प्रत्येक कळ आणि प्रत्येक चकती एका विशिष्ट बॉडीच्या मापाने बसवलेली असते, म्हणून कॅनन आर5 चे हाउसिंग आर5 मार्क टूला चालत नाही. ॲल्युमिनियमचे हाउसिंग बहुधा बॉडीइतके किंवा तिच्याहून महाग पडते, तेव्हा हा फटका लहान नाही. पण तो तिथेच थांबतो. लेन्स, पोर्ट (लेन्ससमोरची काचेची खिडकी), डोम (घुमटाकार पोर्ट), पोर्ट पुढे सरकवणारी एक्स्टेंशन रिंग, बाहेरून झूम फिरवणारे गिअर, स्ट्रोब (पाण्याखालचे फ्लॅश), ते धरणारे हात आणि क्लॅम्प हे सगळे, हाउसिंग त्याच कंपनीचे आणि त्याच पोर्ट-मापाचे असेल तर, सहसा तसेच वापरता येते. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी सोडण्याची निकड मला तरी कधी पटलेली नाही. काही वेळा तर हाउसिंगही बदलावे लागत नाही: ऑलिंपसचा 2019 चा टीजी-6 आणि ओएम सिस्टमचा 2023 चा टीजी-7 हे छोटे कॅमेरे इतके सारखे आहेत की पीटी-059 हे एकच हाउसिंग दोघांनाही चालते.

माउंट बदलण्याचे तसे नाही, आणि सर्वांत मोठी फसगत इथेच होते. "ॲडॉप्टर लावला की जुन्या लेन्स चालतात" हे वाक्य जमिनीवर खरे आहे, म्हणून ते पाण्याखालीही खरे धरले जाते. कॅननच्या ईएफ माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर 44 मिलिमीटर असते, आरएफ माउंटपासून ते 20 मिलिमीटर असते, आणि मधले 24 मिलिमीटर ॲडॉप्टर भरून काढतो. निकॉनच्या एफ आणि झेड या माउंटमध्ये हाच फरक 46.5 वजा 16, म्हणजे 30.5 मिलिमीटर आहे. सेन्सरच्या दृष्टीने लेन्स पूर्वीच्याच जागी येते. मात्र मिररलेसची बॉडी पातळ असल्यामुळे तिच्याभोवतीचे हाउसिंगही उथळ बनते आणि पोर्ट जिथे बसतो ती कड मागे सरकते. काही वेळा निर्माता ही खोली हाउसिंगमध्येच भरून काढतो, पण तसे नसेल तर लेन्स जागच्या जागी राहते आणि डोम मात्र तिच्या तुलनेत मागे जातो.

हे काही मिलिमीटर का महत्त्वाचे ठरतात, ते डोमच्या कामावरून कळते. पाण्यातून डोममध्ये शिरणारा प्रकाश वाकतो आणि डोम एक आभासी प्रतिमा तयार करतो. दूरचा देखावादेखील त्यामुळे डोमच्या पृष्ठभागापासून त्याच्या त्रिज्येच्या सुमारे तिप्पट अंतरावर असल्यासारखा लेन्सला दिसतो. म्हणजे दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या डोममागच्या लेन्सने सारा समुद्र तीस सेंटिमीटरच्या आसपास पाहायचा असतो. ही प्रतिमा वक्र असते, आणि लेन्सचा प्रवेश-बिंदू (प्रकाश जिथून आत शिरतो असे समोरून दिसते ती जागा) डोमच्या गोलाईच्या केंद्राजवळ नसेल तर कडा ओघळल्यासारख्या दिसतात. मग दोष नव्या बॉडीला किंवा "सॉफ्ट" (धूसर) लेन्सला दिला जातो, आणि खरी गरज वेगळ्या लांबीच्या एका रिंगची असते. फिशआय, म्हणजे अतिरुंद दृश्य टिपणारी लेन्स, अगदी जवळ फोकस होते आणि तिला सरळ रेषा सरळ ठेवायच्या नसतात, म्हणून ती अशा चुका बऱ्याच पोटात घालते. सरळ रेषा राखणारी वाइड लेन्स घालत नाही. नवी, त्या माउंटचीच लेन्स घेतली तर तिचा प्रवेश-बिंदू आणखी वेगळ्या जागी असतो, रिंग पुन्हा बदलते आणि गिअरही नवा लागतो. पोर्टचा व्यासही कधी बदलतो: नॉटिकॅम या हाउसिंग-निर्मात्याच्या सोनी फुल-फ्रेम मिररलेसच्या हाउसिंगना एन100 पोर्ट लागतात, तर डीएसएलआरच्या हाउसिंगना एन120, आणि त्यांना जोडण्यासाठी वेगळा ॲडॉप्टर विकत घ्यावा लागतो. म्हणून कोणतीही बॉडी ठरवण्याआधी हाउसिंग-निर्मात्याचा पोर्ट-तक्ता वाचावा. कॅमेऱ्याच्या परीक्षणांचे व्हिडिओ त्यानंतर पाहिले तरी चालतात, आणि मेगापिक्सेलवरची चर्चा तर टाळली तरी चालते.

मॅक्रो (अगदी लहान विषयांची जवळून छायाचित्रे) काढणाऱ्यांना यातले फारसे काही लागू पडत नाही. सपाट पोर्टमागे लेन्स काचेला न टेकता तिच्या जितकी जवळ राहील तितके बरे, एवढाच तिथला नियम आहे.

माउंट बदलूनही जे टिकते, त्याचीही नोंद घ्यायला हवी. स्ट्रोब टिकतात, फक्त बहुतेक फुल-फ्रेम मिररलेसना अंगचा फ्लॅश नसल्यामुळे फायबर केबलसाठी एलईडी ट्रिगर लागतो, आणि टीटीएल (कॅमेऱ्याने फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवणे) हवे असेल तर तो त्या कॅमेरा-ब्रँडसाठी बनवलेलाच घ्यावा लागतो. पोर्टच्या बाहेर 67 मिलिमीटरच्या आट्यांवर, पाण्यातच लावता-काढता येणाऱ्या वेट लेन्सही टिकू शकतात, कारण त्यांना माउंटशी नव्हे तर मागच्या लेन्सच्या दृश्यकोनाशी मतलब असतो. सोनीची 28-60 आणि निकॉन झेडची 24-50 या स्वस्त किट लेन्सना त्यामुळेच पाण्याखाली मान मिळाला. जमिनीवर त्यांना नाके मुरडणारे लोक एफ/2.8 ची, मोठ्या छिद्राची जड झूम विकत घेतात आणि कडा नीट येण्यासाठी डोममागे तिचे छिद्र एफ/8 किंवा त्याहूनही लहान करतात, तेव्हा तो जास्तीचा खर्च नेमका कशासाठी केला, हे मला अजून उमगलेले नाही. मोठ्या काचेच्या डोमसह हा सगळा भार विमानाच्या सात किलोच्या केबिन बॅगेत कोंबायचा असतो, हेही सोयीने विसरले जाते.

मालवणच्या पाण्यात दृश्यता बहुधा काही मीटरचीच असते. तिथे मॅक्रो किंवा विषयाला जवळजवळ भिडवलेली फिशआय यांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि या दोन्ही कामांसाठी निकॉन डी500 किंवा डी850 हा डीएसएलआर आजही पुरेपूर समर्थ आहे. डीएसएलआर सोडणाऱ्यांनी विक्रीला काढलेले असे संच मी नवशिक्यांना आवर्जून सुचवतो, पण सुटे नव्हे: बॉडी, हाउसिंग, लेन्स, त्या लेन्सचा पोर्ट, रिंग आणि गिअर एकाच विक्रेत्याकडून, एकत्र लावून पाहिलेले असे घ्यावेत. सुटे हाउसिंग स्वस्तात मिळाले म्हणून घेतले की जुना पोर्ट शोधण्यात महिने जातात. त्याच जातीची एक वापरलेली बॉडी जादा घेऊन ठेवावी, कारण हाउसिंगमध्ये खारे पाणी शिरले तर हाउसिंग धुऊन, ओ-रिंग बदलून बहुधा पुन्हा कामाला लागते, बॉडी मात्र जाते, आणि डी500 ची तर कारखान्यातून नवी येणे आता थांबलेले आहे.