दहा सेंटच्या कागदाची राखण

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात ‘सुपरमॅन’चा १९३९ सालचा पहिला अंक ९१ लाख २० हजार डॉलरना विकला गेला. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली, एका खोक्यात तो पडून होता. आई गेल्यावर मुलं घर आवरायला बसली आणि तो हाती लागला. बातमीतली किंमत सगळ्यांनी वाचली. मला मात्र त्याच बातमीतला दुसरा आकडा जास्त बोलका वाटला: ९.०, म्हणजे प्रतीच्या अवस्थेला दहापैकी नऊ गुण. हे गुण नसते तर ती किंमतही नसती आणि त्या किमतीचा विमाही कुणी उतरवला नसता. गुण देण्याची ही पद्धत आली कुठून, हे समजून घ्यायचं तर कागदापासून सुरुवात करावी लागते.

१९३८ च्या जून महिन्याची तारीख असलेला ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक दहा सेंटला मिळत असे. त्याच अंकात सुपरमॅन पहिल्यांदा दिसला. त्या काळची सगळीच कॉमिक्स वर्तमानपत्राच्या कागदावर छापली जात. हा कागद म्हणजे दगडाखाली दळलेल्या लाकडाचा लगदा. दळताना लाकडातलं लिग्निन (लाकडाला ताठपणा देणारा घटक) काढून टाकत नाहीत, ते कागदातच राहतं. हवा आणि उजेड लागला की हे लिग्निन बदलायला लागतं, कागद पिवळा पडतो, मग तपकिरी. सोबत आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे तंतू तोडत जातं. सुरुवात कडांपासून होते, कारण हवा तिथून शिरते. शेवटी पान उलटलं की कोपरा हातात येतो. छापणाऱ्यांनी यात काही हयगय केली असं नाही. महिनाभर वाचायचं आणि टाकून द्यायचं, याच हिशोबाने हा माल बनत होता.

आणि लोकांनी तो खरोखरच टाकला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. शाळकरी मुलं हातगाड्या घेऊन घरोघर फिरली आणि त्या गाड्यांवर त्यांची स्वतःची कॉमिक्सही गेली. युद्ध संपलं तर वेगळंच संकट उभं राहिलं. कॉमिक्स वाचून मुलं बिघडतात अशी ओरड झाली. १९४८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर आणि न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन इथे मुलांकडूनच कॉमिक्सच्या होळ्या पेटवल्या गेल्या. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्या पुस्तकाने आणि सिनेटच्या सुनावण्यांनी त्यात तेल ओतलं. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. ‘ॲक्शन’च्या पहिल्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या होत्या असं मानतात. आज जगात त्यातल्या शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे.

साठच्या दशकात ही मुलं मोठी झाली, हातात पैसा आला आणि हरवलेलं बालपण शोधत फिरू लागली. १९६१ पासून हौशी लोकांची नियतकालिकं निघाली, १९६४ मध्ये न्यूयॉर्कात मेळावा भरला. पण भाव काय सांगायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. टेनेसीतल्या क्लीव्हलँड गावच्या रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी १९७० मध्ये पहिली दरपुस्तिका काढली. ओव्हरस्ट्रीट नाणी जमवणारे गृहस्थ होते. नाण्यांच्या बाजारात दरपुस्तिका असते, मग इथे का नको, हा त्यांचा साधा विचार. पुस्तिका छापल्यावर पहिल्यांदाच ‘माझ्याकडच्या अंकाची किंमत अमुक आहे’ असं कागदावर दाखवता येऊ लागलं. माझ्या मते विम्याची खरी सुरुवात इथेच झाली. ज्याची किंमत दाखवता येत नाही, त्याचा विमा कसा उतरवणार?

किंमत तर ठरली, पण ती कोणत्या अवस्थेतल्या प्रतीची? नाण्यांच्या बाजारातून ‘मिंट’ (म्हणजे अगदी कोरं), ‘फाइन’, ‘गुड’, ‘पुअर’ असे शब्द आले आणि भांडणंही आली. व्यवहार टपालाने होत. विकणारा ‘मिंट’ लिहून पाठवायचा, घेणारा पाकीट फोडायचा तर कण्याजवळ मुखपृष्ठाला सुरकुत्या आणि पिनांभोवती गंजाचा डाग. दोघंही प्रामाणिक असायचे, पण दोघांचं ‘मिंट’ वेगळं.

खरंखुरं ‘मिंट’ म्हणजे काय, हे १९७७ मध्ये कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात दिसलं. एडगर चर्च नावाचे जाहिरातींची चित्रं काढणारे वृद्ध चित्रकार तिथे राहत. कामाला उपयोगी म्हणून ते मासिकं आणि कॉमिक्स विकत घेऊन ठेवत. घरच्यांनी ती विकायला काढली तेव्हा चक रोझान्स्की हा विशीतला दुकानदार बघायला गेला. अठरा ते बावीस हजार अंक होते, त्यात ‘ॲक्शन’चा पहिला अंकही. पानं पांढरी, लवचीक. मुखपृष्ठांची चकाकी शाबूत. चर्च यांनी राखणीची कसलीही विद्या वापरली नव्हती. अंक एकावर एक घट्ट रचून कपाटात ठेवले होते, एवढंच. पण डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंचावर आहे आणि तिथली हवा कोरडी. कपाटात उजेड नाही. थप्पी इतकी गच्च की आतल्या पानांपर्यंत हवा पोचलीच नाही. पुढे मोठमोठ्या ग्रंथालयांनी कागद टिकवण्याचे जे नियम सांगितले, ते सगळे त्या कपाटात आपोआप पाळले गेले होते. रोझान्स्कींनी त्या अंकांना दरपुस्तिकेपेक्षा चढा भाव मागितला आणि लोकांनी तो दिला. तेव्हापासून एकाच अंकाच्या बऱ्या प्रतीत आणि उत्तम प्रतीत जमीन-अस्मानाचं अंतर पडलं.

मग राखणीकडे लोकांचं खरं लक्ष गेलं. तोवर अंक साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवत. पीव्हीसीसारख्या प्लास्टिकमधून रसायनं सुटतात आणि ती कागदाला खातात, हे हळूहळू कळलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी कागदपत्रं पॉलिएस्टरच्या पारदर्शक आवरणात ठेवायला सुरुवात केली. तोच पदार्थ, ‘मायलर’ या नावाने, संग्राहकांकडे आला. आत आधाराला आम्लरहित पुठ्ठा. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल वर्षानुवर्षं मुखपृष्ठाच्या मागे उतरत राहतं, म्हणून या एका शब्दाला इतकं महत्त्व.

याच काळात दुरुस्तीचं पेव फुटलं. उडालेल्या जागी रंग भरायचा, वाकड्या कडा कापून सरळ करायच्या, फाटलेलं जपानी टिश्यूने जोडायचं. तेव्हा याने किंमत वाढते असंच समजत. चोरून केलेली दुरुस्ती ओळखायची कशी, हा प्रश्न मात्र कुणाला सुटत नव्हता. ओव्हरस्ट्रीट यांनी १९९२ मध्ये शंभर गुणांची मोजपट्टी आणली, पानांचा पांढरेपणा ताडून बघायला रंगपट्टीही दिली. तरीही गुण देणारा शेवटी विकणाराच होता.

जानेवारी २००० मध्ये सीजीसी ही कंपनी सुरू झाली आणि गुण देणारा तिसरा माणूस बाजारात आला. इंटरनेटवरचे लिलाव नुकते जोर धरत होते, वस्तू हातात न घेता पैसे मोजायचे होते, त्यामुळे वेळही नेमकी साधली. पद्धत अशी: आधी पानं मोजतात, कारण मधलं एक पान नसलं तरी अंक अपुरा ठरतो. मग दुरुस्तीचा माग काढतात. एकाहून अधिक परीक्षक आपापले स्वतंत्र गुण देतात, त्यांतून ०.५ ते १० या पट्टीवरचा एक आकडा ठरतो आणि अंक कडक पारदर्शक पेटीत बंद होतो. बाजारात या पेटीला ‘स्लॅब’ म्हणतात. पेटीवरची पट्टी दुरुस्ती न केलेल्या अंकाला निळी, दुरुस्त केलेल्याला जांभळी. या जांभळ्या पट्टीने दुरुस्तीचा बाजार जवळजवळ बसवला. ज्यांनी विश्वासाने, भरपूर पैसे मोजून आपले अंक ‘सुधारून’ घेतले होते, त्यांना तो मोठाच फटका होता. मला त्या लोकांबद्दल वाईट वाटतं. केलं तेव्हा ते चूक नव्हतं.

त्याच जानेवारीत अभिनेता निकोलस केज याच्या घरून ‘ॲक्शन’चा पहिला अंक चोरीला गेला. १९९७ मध्ये त्याने तो दीड लाख डॉलरला घेतला होता. विमा होता, भरपाई मिळाली. अकरा वर्षांनी, २०११ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या भाड्याच्या एका गोदामात तो अंक सापडला, ओळख पटली, ९.० गुण मिळाले आणि त्याच वर्षी २१ लाख ६० हजार डॉलरना विकला गेला. चोराला तो उघड बाजारात विकता आला नाही, कारण अशा मोजक्या प्रतींच्या खुणा जाणकारांना तोंडपाठ असतात. एखादी घडी, एखादा डाग, कण्यावरची चीर म्हणजे त्या प्रतीचा अंगठ्याचा ठसाच.

विम्याच्या बाबतीत अमेरिकेतही लोक एकाच ठिकाणी फसतात. घराच्या साध्या पॉलिसीत जुनी कॉमिक्स म्हणजे जुनी पुस्तकं. घसारा वजा करून जे उरेल ते मिळणार. म्हणून संग्राहकांसाठी वेगळ्या पॉलिसी आल्या, ज्यांत मौल्यवान अंकांची यादी आणि किमती नोंदवल्या जातात. पुराचं तर आणखी वाईट. घराच्या पॉलिसीत पूर सहसा नसतोच. १९६८ च्या कायद्याने आलेल्या सरकारी पूरविम्यात दुर्मीळ पुस्तकं आणि संग्रहाच्या वस्तू मिळून सगळ्याला २,५०० डॉलरची मर्यादा आहे, आणि तळघरातल्या बहुतेक वस्तूंना संरक्षण नाही. आणि अमेरिकन माणूस कॉमिक्सची खोकी ठेवतो कुठे, तर तळघरात.

स्लॅबमध्ये गेलं म्हणजे सुटलो, असंही नाही. आतल्या कागदातलं आम्ल आपलं काम करतच राहतं. गारवा, कोरडी हवा आणि अंधार पेटीबाहेरच सांभाळावा लागतो. २०२३ च्या अखेरीस तर पेट्या उघडून आतला अंक बदलल्याचे प्रकार उघड झाले आणि सीजीसीला ते जाहीरपणे मान्य करावं लागलं. म्हणून बंद करण्याआधीचे दोन्ही बाजूंचे फोटो, खरेदीची पावती आणि यादीची घराबाहेर ठेवलेली एक प्रत ही तीन कामं आकड्याइतकीच मोलाची आहेत.

हे सगळं वाचताना माझ्यासमोर आमची ‘इंद्रजाल कॉमिक्स’ होती. मुंबईहून टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये ती सुरू केली, इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही निघत आणि १९९० मध्ये बंद पडली. आपल्याकडे युद्धातल्या मोहिमेची गरजच नव्हती, रद्दीवाला होता. आणि मुंबई-कोकणातली पावसाळ्याची हवा डेन्व्हरच्या नेमकी उलट: पिना गंजतात, कागद ओल धरतो, कसर लागते. ज्यांनी प्रेमाने जपली त्यांनी दहा-बारा अंक एकत्र करून बाइंडिंग करून घेतलं. आमच्याकडे वेताळाच्या (इंग्रजीतला फँटम) अंकांचा असा एक खंड आहे. बाइंडरने कडा कापून सारख्या केल्यात, कण्यातून दाभणाने भोकं पाडून दोरा ओवलाय. सीजीसीच्या पट्टीवर हे दोन्ही दोष. पण त्या दोऱ्यामुळेच एकही अंक सुटा होऊन हरवला नाही, आणि गच्च आवळलेल्या खंडाच्या मध्यावर पानं अजून कडांपेक्षा पांढरी आहेत. दोरा उसवून अंक सुटे करावेत का, असं मनात येऊन गेलं. उसवला नाही. पावसाळ्यानंतर आम्लरहित कागदात गुंडाळून, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात, जमिनीपासून वरच्या फळीवर ठेवलाय.