एका टॅगमागची यादी

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, ठेवला आहे. पाच व्होल्टवर चालतो, त्यामुळे लाइन गेली तरी इन्व्हर्टरवर तासन् तास टिकतो. भरतीच्या परीक्षांचे जुने प्रश्नसंच मुलांना मोबाइलवर सोडवता यावेत म्हणून मी गो भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि लॅपटॉपवर ‘डॉकर’ या साधनानं त्याची कंटेनर इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र असलेलं गाठोडं, बांधली. गावात नेट धड चालत नाही, म्हणून ‘डॉकर सेव्ह’ने ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि पायवर ‘डॉकर लोड’ केली. लोड बिनतक्रार झाली. चालवायला गेलो तर एकच ओळ: ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. शेजारी उभ्या मुलानं विचारलं, “दादा, काहून चालत नाही?” त्याच्या प्रश्नाचं उत्तर बरंच मागे जातं.

दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला आगगाडी अडीच फुटी रुळांवर धावायची आणि मूर्तिजापूरची मेन लाइन साडेपाच फुटी. डबा कितीही भक्कम असला तरी एका रुळावरचा दुसऱ्यावर चालत नाही. माल उतरवून पुन्हा भरावा लागतो. प्रोसेसरचंही तसंच आहे. लॅपटॉपची चिप एएमडी६४ घराण्यातली, पायची एआरएम घराण्यातली, आणि दोघींच्या सूचनांची भाषाच वेगळी. कंटेनर व्हर्च्युअल मशीनसारखा वेगळा संगणक उभा करत नाही. तो यजमान यंत्राचाच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, वापरतो, म्हणून आतला प्रोग्राम त्याच चिपसाठी बांधलेला असावा लागतो.

मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत डॉकर पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा हा प्रश्न जवळपास कुणाला पडलाच नव्हता. सर्व्हर म्हणजे एएमडी६४, असंच गृहीत होतं. इमेजच्या आत आर्किटेक्चर, म्हणजे चिपचं घराणं, नोंदवायला जागा होती, पण रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या ऑनलाइन कोठारात, एका नावामागे एकच इमेज ठेवता यायची. अडचण जाणवली ती कडेच्या लोकांना. रास्पबेरी पाय २०१२ मध्येच बाजारात आला होता. हिप्रायट नावाच्या गटानं त्यावर डॉकर चालवून दाखवलं, पण मग प्रत्येक इमेज वेगळ्या नावानं ठेवावी लागली: कुठे नावाआधी ‘आरपीआय’, कुठे ‘एआरएमएचएफ’, कुठे ‘एआर्च६४’. एकच डॉकरफाइल, म्हणजे इमेज बांधायची कृती, दोन यंत्रांवर वापरायची तर पायाची इमेज सांगणारी पहिली ओळ दर वेळी हातानं बदलायची. पायवाल्यांइतकीच ही गरज आयबीएमच्या मेनफ्रेम आणि पॉवर यंत्रांवर काम करणाऱ्यांनाही होती. तळहाताएवढा बोर्ड आणि बँकांची महाकाय यंत्रं एकाच अडचणीत होती, आणि या इतिहासातली ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

मार्ग निघाला २०१६ च्या सुरुवातीला. इमेजच्या मॅनिफेस्टचं, म्हणजे तिच्यात काय काय आहे ते सांगणाऱ्या नोंदीचं, नवं स्वरूप आलं आणि त्यासोबत ‘मॅनिफेस्ट लिस्ट’. आपल्याकडे मोटर घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, “लाइन कोणती? सिंगल फेज की थ्री फेज?” नाव एकाच कंपनीचं, पण माल लाइन पाहून दिला जातो. मॅनिफेस्ट लिस्ट हेच करते. टॅग, म्हणजे इमेजच्या नावाला लावलेली चिठ्ठी, थेट इमेजकडे बोट दाखवत नाही, एका यादीकडे दाखवतो. यादीतल्या प्रत्येक ओळीत ऑपरेटिंग सिस्टीम, आर्किटेक्चर आणि त्या इमेजचा शा-२५६ डायजेस्ट, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, असतो. इमेज उतरवून घेणारा संगणक स्वतःची चिप पाहून आपली ओळ निवडतो. डॉकर गो भाषेत लिहिलेलं असल्यानं यादीतली नावंही गोचीच पडली. म्हणून यंत्राची ओळख सांगणारी लिनक्सची ‘युनेम’ आज्ञा ज्याला ‘एक्स८६_६४’ आणि ‘एआर्च६४’ म्हणते, ते इथे एएमडी६४ आणि एआरएम६४ असतं. नवशिके इथे हमखास अडतात.

यादीचं स्वरूप ठरलं, पण ती बनवायला डॉकरमध्ये आज्ञाच नव्हती. ती उणीव आयबीएमच्या फिल एस्टेस यांच्या ‘मॅनिफेस्ट-टूल’नं भरून काढली. जुलै २०१७ मध्ये कंटेनरची मानकं ठरवणाऱ्या ओसीआय या गटाचा इमेज स्पेसिफिकेशन १.० आला. त्यात हीच यादी ‘इमेज इंडेक्स’ या नावानं आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये डॉकर हब या डॉकरच्या सार्वजनिक रजिस्ट्रीवरच्या अधिकृत इमेज बहु-आर्किटेक्चर झाल्या. २०१८ मध्ये ‘डॉकर मॅनिफेस्ट’ ही आज्ञा प्रायोगिक म्हणून आली: क्रिएट, अ‍ॅनोटेट, पुश. प्रत्येक चिपची इमेज आधी रजिस्ट्रीत चढवायची आणि मग त्यांची यादी बांधायची. या आज्ञेनं बांधलेली यादी आपल्या यंत्रावरच राहते. पुश करताना ‘पर्ज’ दिलं नाही, तर पुढच्या खेपेला जुन्या ओळी तशाच सापडतात.

खरा बदल २०१९ चा. एप्रिलमध्ये डॉकर आणि एआरएम चिपची रचना करणारी आर्म कंपनी यांनी एकत्र काम जाहीर केलं आणि डॉकर १९.०३ सोबत ‘बिल्डएक्स’ हाती आलं. आता ‘डॉकर बिल्डएक्स बिल्ड’ला प्लॅटफॉर्मच्या पर्यायात स्वल्पविराम देऊन दोन-तीन नावं लिहिली की सगळ्या इमेज आणि त्यांची यादी एकाच दमात बांधून चढते. खाली दोन जुनी साधनं राबतात. फाब्रिस बेलार्ड यांनी सुरू केलेलं क्यूएमयू परक्या चिपच्या सूचनांचं भाषांतर करतं, आणि लिनक्स कर्नलची बिनएफएमटी-मिस्क ही सोय फाइलच्या सुरुवातीचे बाइट ओळखून ती क्यूएमयूकडे सोपवते. सोय मोठी, पण भाषांतराला वेळ लागतो. माझ्या लॅपटॉपचा पंखा तेव्हा थांबत नाही. गोसारख्या भाषेत दुसरी, कितीतरी जलद वाट आहे. बांधणीचा टप्पा ‘बिल्डप्लॅटफॉर्म’वर म्हणजे आपल्याच चिपवर चालवायचा आणि कंपायलरला ‘टार्गेटआर्च’, म्हणजे प्रोग्राम ज्यावर चालणार ती चिप, सांगायची. माझा प्रोग्राम आता असाच बांधतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनची ग्रॅव्हिटॉन चिप आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलची एम१ आली. तोवर पायवाल्यांचा वाटणारा हा प्रश्न मग सगळ्यांचाच झाला.

३२ बिटचा एआरएम मात्र जपून हाताळावा लागतो. पहिला पाय आणि पाय झिरो हे एआरएम-व्ही६ पिढीचे, पाय २ व्ही७ चा. म्हणून यादीत ‘व्हेरियंट’ हा वेगळा रकाना आहे. भर म्हणजे डेबियन या लिनक्स प्रणालीचं ‘एआरएमएचएफ’ व्ही७ साठी आणि पायसाठीच्या रास्पबियन प्रणालीचं त्याच नावाचं व्ही६ साठी, त्यामुळे नुसतं नाव पाहून इमेज झिरोवर टाकली तर ती मरते. पुढे तर ३२ बिटच्या प्रणालीखाली ६४ बिटचा कर्नलही चालू लागला. तिथे ‘युनेम’वर विसंबू नये, डेबियनच्या ‘डीपीकेजी’ या पॅकेज-साधनाला आर्किटेक्चर विचारावं.

यादी पाहायला मी ‘डॉकर बिल्डएक्स इमेजटूल्स इन्स्पेक्ट’ वापरतो. त्यात ‘अननोन’ अशी ओळ दिसली तर घाबरू नये. २०२३ पासून बिल्डएक्स इमेजसोबत बांधणीचा दाखलाही जोडतं, त्याचीच ती ओळ.

आता पेन ड्राइव्हकडे. जुन्या पद्धतीच्या साठ्यातून ‘डॉकर सेव्ह’ एकाच चिपची इमेज देतं, आणि माझ्या लॅपटॉपवर होती एएमडी६४ ची. तिथेच घोळ झाला. नेट नसलेल्या गावासाठी मला इमेज इकडून तिकडे नेणारं ‘स्कोपिओ’ हे साधन सगळ्यात उपयोगी वाटतं. ‘स्कोपिओ कॉपी’ला ‘ऑल’ पर्याय दिला की रजिस्ट्रीतली अख्खी यादी, सगळ्या इमेजसह, ओसीआय फोल्डरमध्ये उतरते. पर्याय विसरलात तर ते फक्त चालू यंत्राचीच ओळ उचलतं. जागा कमी असेल तर ‘ओव्हरराइड-आर्च’ने एआरएम६४ तेवढीच घ्यावी.

आता मी यवतमाळला गेलो की बसस्टँडजवळ मोबाइलच्या नेटवर दोन ओळींची यादी उतरवून घेतो, एक पायसाठी आणि एक शाळेतल्या जुन्या डेस्कटॉपसाठी. एसटी दारव्ह्याला लागेपर्यंत डायजेस्ट जुळवून झालेले असतात.